अपघाताच्या अहवालात जागरणाला रकाना नाही

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

३ सप्टेंबर २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दैनंदिन कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर नेण्यास मान्यता दिली, तेव्हापासून या विषयावर पुष्कळ लिहिले आणि बोलले गेले आहे. उद्योजकांनी गुंतवणुकीचा मुद्दा मांडला, कामगार संघटनांनी पिळवणुकीचा. दोन्हीकडून आकडेमोड झाली ती मुख्यतः पैशांची. झोपेचा हिशेब मात्र कोणी सविस्तर मांडल्याचे माझ्या वाचनात आले नाही. वाहनांचे सुटे भाग तयार करणाऱ्या एका कारखान्यात ३१ वर्षे तिन्ही पाळ्यांत काम करून, त्यांतील १९ वर्षे पाळीप्रमुख म्हणून काढून मी निवृत्त झालो. या काळात मी इतरांच्या झोपेची जितकी वाट लावली, तितकी क्वचितच कोणी लावली असेल, आणि तेही हातात नुसते पाळीपत्रक घेऊन. म्हणून हा हिशेब मांडण्याचा थोडाफार अधिकार मला आहे, असे वाटते.

भोसरी-पिंपरीच्या औद्योगिक पट्ट्यात साप्ताहिक सुटी गुरुवारी असते, हे पुण्याच्या वाचकांना ठाऊक आहेच. आमच्याकडे पहिली पाळी सकाळी ७ ते दुपारी ३.३०, दुसरी ३.३० ते रात्री १२ आणि तिसरी रात्री १२ ते सकाळी ७ अशी होती, आणि दर गुरुवारनंतर पाळी बदलत असे. ज्या कामगाराची आठवडाभर तिसरी पाळी होती, तो गुरुवारी सकाळी ७ वाजता सुटायचा आणि शुक्रवारी सकाळी ७ वाजता पहिल्या पाळीला हजर व्हायचा. कागदावर त्याला पूर्ण सुटी मिळालेली असे. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ५७ नुसार मध्यरात्र ओलांडून चालणाऱ्या पाळीतील कामगाराची सुटी म्हणजे त्याची पाळी संपल्यापासूनचे सलग २४ तास, असा तेव्हाचा नियम होता. ते २४ तास आम्ही मिनिटाचीही काटछाट न करता देत होतो. प्रत्यक्षात काय घडत होते? गुरुवारी सकाळी घरी पोहोचून तो नऊच्या सुमारास आडवा व्हायचा, दुपारी दीड-दोनला उठायचा, संध्याकाळी बाजारहाट किंवा मुलाच्या शाळेचे काम उरकायचा, आणि सहा रात्री जागून काढलेले शरीर रात्री दहाला अंथरुणावर पडले तरी झोपायला तयार नसल्याने दोन-तीन वाजेपर्यंत कूस बदलत राहायचा. पहाटे साडेपाचला गजर. शुक्रवारची पहिली पाळी आमच्याकडे रिजेक्शनसाठी, म्हणजे तपासणीत नापास होणाऱ्या मालासाठी, कुप्रसिद्ध होती. मटेरियल खराब, सेटिंग हलले, गेज घासले, अशी सगळी कारणे आम्ही शोधली. माणूस झोपलेला नाही, हे कारण कधी कोणत्याही रिपोर्टात आले नाही.

रात्रीची झोप दिवसा भरून काढता येते, हा आपल्याकडचा फार जुना गैरसमज आहे. तास मोजले तर ती भरून निघाल्यासारखी दिसते, पण शरीराचे घड्याळ तास मोजत नाही, ते उजेड-अंधार पाहते. शरीराचे तापमान पहाटे चारच्या आसपास सर्वांत खाली जाते, आणि रात्री दोन ते सकाळी सहा या वेळात मेंदूची सावधता नीचांकाला असते, मग माणूस कितीही कष्टाळू, कितीही प्रामाणिक असो. उलट सकाळी उजाडू लागले की हेच घड्याळ शरीराला जागे करायला लागते. त्यामुळे रात्रपाळीवरून आलेल्या माणसाची दिवसाची झोप रात्रीच्या झोपेपेक्षा सहसा दोन-तीन तासांनी तोकडी पडते आणि जी मिळते तीही तुटक असते. हे झाले शास्त्र. त्यात दिघी-भोसरीच्या चाळीतली एक खोली मिळवावी: वर पत्रा, एप्रिल-मेचे ऊन, शेजारी कुकरच्या शिट्ट्या, दहाला नळाला पाणी येणार म्हणून हंडे-कळश्यांची धावपळ, अकराला भंगारवाला आणि साडेबाराला शाळेतून आलेली पोरे. ‘लवकर निजे, लवकर उठे’ हे आपण लहानपणी घोकले ते ठीकच आहे, पण ती ओळ ज्याची रात्र त्याच्या स्वतःच्या मालकीची आहे त्याच्यासाठी आहे.

आता ज्या घटनेमुळे हे पत्र लिहावेसे वाटले तिच्याकडे येतो. कारखान्याचे नाव लिहीत नाही, कारण त्या काळी शेजारच्या कोणत्याही कारखान्यात हेच घडू शकले असते. प्रेस शॉपमध्ये एक ऑपरेटर दुसऱ्या पाळीला होता. रात्री पावणेबारापर्यंत त्याचा रिलिव्हर, म्हणजे पुढच्या पाळीत त्याची जागा घेणारा माणूस, आला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी माल जायचा होता. मी त्याच्याजवळ गेलो आणि म्हणालो, “दादा, आज जरा कंटिन्यू करा, उद्या सुटी देतो.” आमच्या भाषेत याला ‘डबल मारणे’ म्हणतात, आणि त्याला क्वचितच कोणी नाही म्हणतो, कारण जादा पैसे मिळतात आणि नाही म्हटले तर पुढच्या वेळी आपल्या गरजेला सुपरवायझर तोंड फिरवेल, ही भीतीही असते. तो थांबला. पहाटे चार वाजून वीस मिनिटांनी प्रेसच्या डायमध्ये (साच्यात) अडकलेला तुकडा काढण्यासाठी त्याने डावा हात आत घातला आणि त्याच क्षणी सवयीने उजव्या हाताने बटण दाबले. दोन्ही हातांनी दोन बटणे दाबल्याशिवाय प्रेस खाली येऊ नये अशी तिची रचना होती. पण डावे बटण लाकडी पाचर मारून कायमचे दाबून ठेवलेले होते, जसे ते त्या ओळीतील निम्म्या यंत्रांवर असे, आणि ते मला ठाऊक होते. त्याची दोन बोटे गेली.

अपघाताचा अहवाल मीच लिहिला. ‘कारण’ या रकान्यात लिहिले: सुरक्षा सूचनांकडे दुर्लक्ष, कामगाराचा निष्काळजीपणा. वाक्य खोटे नव्हते, म्हणूनच ते लिहिणे इतके सोपे गेले. पाचर त्यानेच मारली होती. पण तो आदल्या सकाळी सातला उठला होता, म्हणजे त्या क्षणी त्याला जागे होऊन २१ तास २० मिनिटे झाली होती, आणि त्यांतले शेवटचे सव्वाचारहून अधिक तास मी मागून घेतले होते. हे लिहायला त्या छापील नमुन्यात जागा नव्हती, आणि जागा शोधण्याची माझी इच्छाही नव्हती.

जागरणाचा परिणाम नेमका किती होतो, हे १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातील दोन संशोधकांनी सामान्य माणसाला चटकन कळेल अशा मापाने दाखवून दिले. सलग १७ तास जागे असलेल्या माणसाचे हात आणि नजर यांचा मेळ, रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतका बिघडतो, आणि २४ तासांनंतर तो साधारण ०.१० टक्क्याला येऊन ठेपतो, असे त्यांना आढळले. आपल्या मोटार वाहन कायद्यात वाहनचालकासाठी मर्यादा आहे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. आमच्या गेटवर सुरक्षारक्षक आत येणाऱ्याचे तोंड हुंगायचा; दारूचा वास आला तर त्याला बाहेरच्या बाहेर परत पाठवले जाई आणि त्याबद्दल कोणाचीही तक्रार नसे. जागरणाला वास नसतो, त्यामुळे कायद्याच्या मर्यादेपेक्षा जास्त ‘झिंगलेल्या’ माणसाला मी स्वतः विनंती करून यंत्रावर उभा करत होतो आणि वर त्याचे आभार मानत होतो. सकाळी सातला तोच माणूस दुचाकीवरून नाशिक रस्त्याला लागतो. डोळ्यांवर आलेली तीन सेकंदांची झापड त्याला स्वतःला जाणवतही नाही, पण ताशी ५० किलोमीटर वेगाने गाडी तेवढ्या वेळात चाळीस मीटर पुढे गेलेली असते. घरी जाताना झालेला असा अपघात कारखान्याच्या नोंदवहीत सहसा येतच नाही. तो रस्ते अपघातात मोजला जातो.

थकवा हा स्वभावदोष नसून मोजता येणारा, नियमांत बांधता येणारा धोका आहे, हे एका क्षेत्राने मान्य केले आहे आणि तेही मोठी किंमत मोजल्यानंतर. २२ मे २०१० रोजी सकाळी सहाच्या सुमारास दुबईहून आलेले विमान मंगळूरच्या धावपट्टीवरून पुढे दरीत कोसळले आणि १५८ जणांचा मृत्यू झाला. चौकशीत निष्पन्न झाले की मुख्य वैमानिक उड्डाणाचा बराच काळ झोपलेला होता, आणि गाढ झोपेतून उठल्यावर काही काळ राहणारी मेंदूची सुस्ती त्याच्या चुकीच्या निर्णयाला कारणीभूत ठरली असावी. आज वैमानिकांच्या नियमांत रात्रीच्या उड्डाणांवर वेगळ्या मर्यादा आहेत आणि त्यांची साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेण्यात आली आहे. ते नियम पूर्णपणे लागू करण्याची वेळ आली तेव्हा, डिसेंबर २०२५ मध्ये, माणसे कमी पडून रोज शेकडो उड्डाणे रद्द झाली आणि काही सवलती द्याव्या लागल्या, हेही आपण पाहिले. विमानाचा प्रवासी आरडाओरडा करू शकतो, म्हणून ती बातमी आठवडाभर चालली. प्रेसवर उभ्या असलेल्या माणसाचे कमी पडलेले २४ तास मात्र कोणाच्या नजरेस येत नाहीत.

या पार्श्वभूमीवर १२ तासांच्या पाळीकडे पाहावे. साप्ताहिक मर्यादा ४८ तासच राहणार, त्यामुळे चार दिवस काम आणि तीन दिवस सुटी असे वेळापत्रक शक्य होईल, हा युक्तिवाद मी गंभीरपणे घेतो. सलग तीन दिवस सुटी खरोखर मिळाली तर कित्येक कामगार ती आनंदाने स्वीकारतील, आणि येण्याजाण्याच्या फेऱ्या कमी होतील हा फायदाही खोटा नाही. माझी शंका त्या ‘खरोखर’ या शब्दापाशी आहे. त्याच निर्णयात जादा कामाची मर्यादा तिमाहीला ११५ तासांवरून १४४ तासांवर नेली आहे, म्हणजे आठवड्याला सरासरी ११ तास. सुटीचा एक दिवस तेथेच गेला. शिवाय १२ तास कामाचे, एक-एक तास जाण्यायेण्याचा, म्हणजे १४ झाले. उरलेल्या दहांत आंघोळ, जेवण, मुलांची दोन वाक्ये आणि डबा-कपडे धरून झोपेला सहा तास मिळाले तरी नशीब, आणि पाळी रात्रीची असेल तर तेही नाहीत. जादा कामासाठी कामगाराची लेखी संमती लागेल, असे सांगितले जाते. रात्री पावणेबाराला यंत्राशेजारी उभे राहून संमती मागण्याचा मला दांडगा अनुभव आहे, आणि कंत्राटी कामगाराची संमती कशी असते हे मी तर काय सांगावे. त्या कागदावर सही करायला पेनसुद्धा आम्हीच देऊ.

पाळ्यांशिवाय उद्योग चालणार नाहीत, हे मला मान्य आहे. भट्टी रात्री विझवता येत नाही, दवाखाना रात्री बंद ठेवता येत नाही. प्रश्न पाळ्या लावण्याच्या रीतीचा आहे. पाळी पुढे सरकत गेली, म्हणजे पहिलीनंतर दुसरी आणि दुसरीनंतर तिसरी, तर शरीराला ते तुलनेने सोपे जाते, कारण उशिरा झोपणे हे लवकर झोपण्यापेक्षा बहुतेकांना सहज जमते. अवघड असतो तो तिसरीवरून पहिलीवर येण्याचा सांधा, ज्याचे वर्णन मी वर केले. तेथे सलग दोन रात्री घरी मिळाल्या पाहिजेत, म्हणजे शुक्रवारऐवजी शनिवारी सकाळी हजेरी. मी पाळीप्रमुख असताना एका वर्षी हे सुचवले होते. वरिष्ठांनी कागदावर हिशेब करून सांगितले की प्रत्येक ओळीमागे एक माणूस वाढेल. शुक्रवारच्या रिजेक्शनचा हिशेब त्याच कागदाच्या मागच्या बाजूला करावा, हे मला त्या वेळी सुचले नाही.

दुसरी गोष्ट डुलकीची. अनेक कारखान्यांच्या स्थायी आदेशांत कामावर झोपणे हे गैरवर्तन आहे, आणि यंत्र चालू असताना झोपणे हे असायलाही हवे. पण रात्री तीनच्या सुट्टीत २० मिनिटे डोळे मिटणे यालाही आम्ही त्याच तराजूत तोलले. माणसे शौचालयात बसून, कार्टनच्या थप्पीआड उभ्या-उभ्या, कंप्रेसरच्या उबेला टेकून डुलकी घ्यायची, आणि मी टॉर्च घेऊन त्यांना शोधत फिरायचो. सापडला की शो-कॉज, म्हणजे ‘कारणे दाखवा’ नोटीस. वास्तविक रात्रपाळीत घेतलेली अशी छोटी झोप पहाटेची सावधता वाढवते. फक्त ती २० मिनिटांच्या आसपास आवरती घ्यावी, कारण पाऊण-एक तासाने गाढ झोपेतून उठवलेला माणूस पुढची १५ ते ३० मिनिटे यंत्रावर उभा करण्याच्या लायकीचा नसतो. दीडशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात विश्रांतीची खोली असणे कारखाने अधिनियमाच्या कलम ४७ ने बंधनकारकच केले होते. आमच्याकडे ती होती. तिच्यात जुने डाय आणि दिवाळीच्या भेटवस्तूंची रिकामी खोकी होती.

कामगाराने स्वतः करण्यासारखे काहीच नाही, असे नाही. पहिल्या रात्रपाळीच्या आधी दुपारी दीड तास झोपून घ्यावे. मुख्य जेवण मध्यरात्रीपूर्वी उरकावे. रात्री तीननंतर चहा टाळावा, कारण चहा-कॉफीतील कॅफिनचा निम्मा अंश पाच तासांनंतरही रक्तात असतो, आणि पहाटे पाचचा कडक चहा नऊच्या झोपेचे खोबरे करतो. तंबाखू मळून झोप उडवणाऱ्यांनाही हेच लागू आहे. परतताना गॉगल लावावा, म्हणजे सकाळचे ऊन डोळ्यांवाटे शरीराला जागे करणार नाही, आणि घरी खिडकीला जाड काळे कापड लावावे. आमच्यातला एक जण दाराला ‘रात्रपाळी’ अशी पाटी अडकवून झोपायचा. आधी लोक हसले, मग गल्लीत आणखी चार पाट्या लागल्या. जो मोठ्याने घोरतो, झोपेत ज्याचा श्वास अडकतो आणि आठ तास झोपूनही जो दिवसभर पेंगतो, त्याने मात्र पाळीला दोष देत न बसता डॉक्टरांना भेटावे. तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. पण आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार? पाळीपत्रकाने जे तास दिलेच नाहीत, ते गॉगल आणि पडदा लावून मिळत नाहीत.

हा प्रश्न कारखान्यांपुरता नाही, हे सांगायला नको. सलग ड्युटी करणारे निवासी डॉक्टर, रात्रपाळी संपवून घरी येऊन ओट्याशी उभ्या राहणाऱ्या परिचारिका, परदेशी ग्राहकांच्या वेळेनुसार जागणारी हिंजवडीतली मुले, या सर्वांवर वेगळे पत्र लिहावे लागेल. एकच उदाहरण देतो, कारण त्यात आपण सारे मालक आहोत. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मध्यंतरी कोणीतरी पहाटे साडेचारला खुर्चीत झोपलेल्या वॉचमनचा फोटो टाकला आणि त्याला काढून टाकण्याच्या मागणीला तासाभरात २३ अंगठे मिळाले. तो रोज रात्री आठ ते सकाळी आठ अशी १२ तासांची ड्युटी करतो, आणि सकाळी दहापासून एका दुकानाबाहेर उभा असतो, कारण आपण एजन्सीला जे देतो त्यातून त्याच्या हाती पडणाऱ्या पगारात त्याचे घर चालत नाही. हे मी ग्रुपवर लिहिले. त्यावर एकही अंगठा आला नाही, पण त्याची नोकरी तूर्त टिकली आहे.

कामाचे तास वाढवणारे नियम अमलात आणताना शासनाने निदान तीन गोष्टी त्यांत घालाव्यात, अशी माझी विनंती आहे. दोन पाळ्यांच्या मध्ये किमान ११ तासांचे अंतर कोणत्याही संमतीने मोडता येऊ नये; मोटार परिवहन कामगारांसाठी १९६१ च्या कायद्याने सलग ९ तासांचे अंतर घातलेच होते, तेव्हा कल्पना नवी नाही. रात्रपाळीच्या आठवड्यानंतरची सुटी २४ तासांची नव्हे, तर ४८ तासांची असावी. आणि अपघाताच्या अहवालात एक रकाना वाढवावा: जखमी व्यक्ती अपघातापूर्वी किती तास जागी होती, आणि मागील सात दिवसांत तिने कोणकोणत्या पाळ्या केल्या. ही माहिती हजेरीच्या यंत्रात पंच होऊन पडलेलीच असते, फक्त ती उतरवून घ्यायची आहे. असा रकाना त्या रात्री असता, तर मला त्यात २१ तास २० मिनिटे असे लिहावे लागले असते, आणि त्याखाली पाळीप्रमुख म्हणून सही माझीच असती.

आपला,
एक निवृत्त पाळीप्रमुख,
भोसरी, पुणे